टेलिफोनवरील स्त्री आणि तिचें गिऱ्हाईक

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरचें इंटरनेट एके दिवशीं एकाएकीं बंद पडलें. तक्रारीसाठीं जो नंबर दिलेला असतो तो आम्हीं लावला. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकविल्यावर पलीकडून एका बाईंचा आवाज आला, आणि यंत्रावरचा कोणता दिवा लागला आहे व कोणता लागलेला नाहीं, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं उत्तर दिलें तें असें: "बाई, जरा एखाद्या इंजिनियरसाहेबांकडे फोन देतां का?" पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग त्याच आवाजानें व तितक्याच सौजन्यानें उत्तर आलें, "साहेब, या कामावरची इंजिनियर मीच आहें. मागची पिवळी वायर कोठें लावली आहे, तेवढें पाहून सांगतां का?" वायर भलत्याच ठिकाणीं बसली होती, आदल्या दिवशीं धूळ झाडतांना आम्हींच ती तेथें बसविली होती.

इंटरनेट सुरू झालें, पण मन स्वस्थ होईना. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार चारचौघांत करण्याची वेळ आली तर आम्ही मागें राहणारे नव्हे. आमच्या घरांतल्या मुली शिकल्या, नोकऱ्या करूं लागल्या, याचा आम्हांस अभिमानही आहे. मग हें वाक्य आमच्या तोंडीं आलें कोठून? त्या बाईंचें ज्ञान आम्हीं तपासून पाहिलें नव्हतें. फक्त त्यांचा आवाज ऐकला होता. तेव्हां तें वाक्य आमच्या बुद्धीनें उच्चारलें नसून आमच्या कानानें उच्चारलें, असेंच म्हटलें पाहिजे. आणि हा कान एका दिवसांत घडलेला नाहीं. तो कसा घडला याचा शोध घेऊं गेलें असतां आपणांस जवळजवळ दीडशें वर्षें मागें जावें लागतें.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस टेलिफोनचें पेटंट ७ मार्च १८७६ रोजीं मिळालें, आणि २८ जानेवारी १८७८ रोजीं अमेरिकेंतील न्यू हेवन या गांवीं अवघ्या २१ वर्गणीदारांवर पहिलें व्यापारी एक्स्चेंज सुरू झालें. आरंभीं अशा एक्स्चेंजांत कामाला घेतलीं तीं बहुतेक तारऑफिसांतलीं पोरें होतीं. हें स्वाभाविकच होतें. पोरें चपळ होतीं आणि स्वस्तांत मिळत होतीं. पण तारेला तोंड नसतें. तारऑफिसांतल्या पोराची उनाडकी गिऱ्हाइकाच्या कानांवर कधीं जात नसे. टेलिफोनवर मात्र तें पोर आणि शहरांतला प्रतिष्ठित पेढीवाला यांची गांठ एकदम कानाशीं कान लावून पडूं लागली. पोरें उलट उत्तरें देत, शिव्या हासडीत, चेष्टेनें एकाची तार दुसऱ्यास जोडीत. गिऱ्हाइकें संतापलीं. तेव्हां १ सप्टेंबर १८७८ रोजीं बोस्टन येथें एमा नट नांवाच्या तरुणीची एक्स्चेंजच्या कामावर नेमणूक झाली आणि त्याच दिवशीं कांहीं तासांनीं तिची बहीण स्टेला हीही तेथें रुजू झाली. जगांतील पहिल्या स्त्री-ऑपरेटर त्या ह्याच.

एमा नट ही स्वतः तारऑफिसांतूनच आली होती, हें येथें विसरतां कामा नये. म्हणजे काम तिला येत होतें. पण तिची जी ख्याति झाली ती कामाची नव्हे, तर तिच्या शांत व मधुर आवाजाची झाली. हां हां म्हणतां पोरांच्या जागीं सर्वत्र मुली आल्या. मुलीचा आवाज गिऱ्हाइकाला निववितो, हें कारण लोकांस सांगण्यांत आलें. मुलगी पुरुषाहून कमी वेतनांत राबते, हें दुसरें कारण जमाखर्चाच्या वहींत राहिलें. या पहिल्याच पायरीवर जें घडलें तें नीट ध्यानांत घेण्याजोगें आहे. गिऱ्हाइकाचा राग हा रोग ठरला आणि स्त्रीचा आवाज हें त्यावरचें औषध ठरलें. औषधालाही स्वतःचें कांहीं दुखणें असूं शकेल, हा विचार वैद्याच्या मनांत येत नसतो.

तें काम कसलें होतें, याची कल्पना आजच्या तरुण वाचकांस येणें कठीण. भिंतीएवढा उंच फळा, त्यावर शेंकडों छिद्रें, आणि त्यासमोर ओळीनें बसलेल्या मुली. वर्गणीदारानें एक्स्चेंजला बोलाविलें कीं त्याच्या छिद्राची झडप पडे. पुढच्या काळांत तेथें बारीकसा दिवा लागूं लागला. मुलीनें दोरीची खुंटी त्या छिद्रांत खुपसावयाची, "नंबर प्लीज" म्हणावयाचें, मागितलेली लाइन मोकळी आहे कीं नाहीं तें पाहावयाचें, दुसरी खुंटी दुसऱ्या छिद्रांत बसवावयाची, बोलणें संपलें कीं दोन्ही काढावयाच्या. आणि हें सारें एकाच वेळीं अनेकांसाठीं करावयाचें. उंच छिद्रांपर्यंत हात पोंचावा म्हणून नेमणुकीच्या वेळीं मुलीची उंची पाहात. लग्न झालें कीं बहुतेक ठिकाणीं नोकरी सुटे. बोलावयाचीं वाक्यें ठरवून दिलेलीं असत. त्यांपलीकडे एक शब्द बोलण्याची मुभा नसे, आणि पाठीमागें फिरणारी देखरेखीण वाटेल तेव्हां तिचें बोलणें ऐकूं शके. गिऱ्हाइकाला मात्र ठराविक वाक्यांचें बंधन नव्हतें. तार बिघडली, पावसानें लाइन खरखरली, पलीकडचा गृहस्थ जागेवर नसला, तरी दोष तिचा. कारण त्या अफाट यंत्रांत गिऱ्हाइकाला ऐकूं येणारें असें एकच माणूस होतें.

आणि येथेंच पुढच्या सर्व गैरसमजाचें मूळ आहे. खांब पुरणें, तारा ओढणें, यंत्र उघडून दुरुस्त करणें, हीं सारीं कामें पुरुषांकडे होतीं. शेंकडों लाइनींचा हिशेब डोक्यांत ठेवून क्षणाक्षणाला निर्णय घेणाऱ्या मुलीच्या कौशल्याला मात्र कोणी "तांत्रिक" म्हटलें नाहीं. ती केवळ आवाज होती. जोडून देणारी ती, आणि जाणणारा तो, अशी वांटणी एकदा कानांत बसली ती बसलीच. टेलिफोनवर बाई बोलली म्हणजे ती आपणांस जाणत्या माणसाकडे नेऊन पोंचविणारी दाराशीं बसलेली कोणी आहे, ही समजूत तेव्हांची आहे.

या गिऱ्हाइकांचें तोंड किती सुटत असे याचा एक गमतीदार पुरावा पॅरिसच्या न्यायालयांत सांपडतो. सिल्व्हियाक या नांवानें रंगभूमीवर वावरणारी एक नटी होती. १९०४ मध्यें एके दिवशीं टेलिफोन जोडून मिळेना म्हणून ती कावली, आणि तुमच्या मुली गुराखिणींसारख्या बोलतात, असें एक्स्चेंजच्या देखरेखिणीला सुनावून मोकळी झाली. फ्रान्समध्यें टेलिफोन सरकारी. तेव्हां ऑपरेटर ही सरकारी नोकर. खात्यानें त्या नटीचा टेलिफोन कांहीं दिवस तोडला व सरकारी नोकराचा अपमान केल्याबद्दल तिच्यावर खटला भरला. झालें! वर्गणीदारांची जी संघटना होती ती नटीच्या पाठीशीं उभी राहिली, वर्तमानपत्रांना महिनाभर पुरेल इतका मजकूर मिळाला, आणि अखेरीस नटी निर्दोष सुटली. टीका करणारीही स्त्रीच होती, हें पाहून कोणी म्हणेल कीं येथें स्त्री-पुरुषाचा प्रश्न कोठें आला? पण गुराखीण म्हणणें हें फक्त मुलीला म्हणतां येतें. पूर्वीच्या त्या उनाड पोरांनीं उलट शिव्या दिल्या तेव्हां त्यांच्या आवाजांत मार्दव नाहीं अशी तक्रार कोणी केली नव्हती. मार्दव हें ज्याच्या नोकरीचें कलम असतें त्याच्याकडूनच त्याची वसुली होते. तरीही एक गोष्ट फ्रेंच टेलिफोनखात्याच्या बाजूनें लिहून ठेविली पाहिजे. खटला हरले, पण मुलींची बाजू घेऊन त्यांनीं गिऱ्हाइकाचीच लाइन तोडली. असा मालक त्यानंतर आमच्या वाचनांत फारसा आलेला नाहीं.

याहून वेगळ्या तऱ्हेचा एक चिडलेला गिऱ्हाईक अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथें होऊन गेला. आल्मन स्ट्रोजर हा प्रेतसंस्काराचा धंदा करी. ऑपरेटर मुलगी आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला. ती त्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच होती असेंही सांगतात, पण ही बहुधा मागाहून जोडलेली कथा असावी. संशयाच्या भरांत त्यानें असें यंत्र शोधून काढलें कीं ज्यांत मुलीची गरजच नाहीं. १८९१ मध्यें त्याला पेटंट मिळालें व ३ नोव्हेंबर १८९२ रोजीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट गांवीं पहिलें स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालें. मुलीवांचून आणि शिवीगाळीवांचून चालणारा टेलिफोन, अशी त्याची वाखाणणी झाली. मुलगी आणि शिवी हीं दोन एकाच ओळींत बसविणाऱ्याला आपण काय कबूल करीत आहों याची जाणीव नसावी.

पहिल्या महायुद्धांत तर याहून मोठी विसंगति घडली. जनरल पर्शिंग यांनीं फ्रान्समधील अमेरिकन सैन्यासाठीं इंग्रजी व फ्रेंच दोन्ही भाषा जाणणाऱ्या ऑपरेटर स्त्रिया मागविल्या. १९१८ मध्यें दोनशेंवर स्त्रिया गणवेष चढवून, सैनिकाची शपथ घेऊन समुद्रापार गेल्या. आघाडीवरील हुकूम त्यांच्या हातांतून जात होते. त्यांची प्रमुख ग्रेस बँकर हिला सन्मानाचें पदकही मिळालें. पण युद्ध संपून परत आल्यावर सरकारनें सांगितलें कीं तुम्ही सैनिक नव्हतांच. तुम्ही नागरी नोकर. सैनिक म्हणून त्यांची गणना होण्यास १९७७ साल उजाडावें लागलें, आणि तोंवर त्यांतल्या बहुतेकजणी वारल्या होत्या. १९१९ च्या एप्रिल महिन्यांत न्यू इंग्लंड प्रांतांतील सुमारें ८,००० ऑपरेटर मुलींनीं जूलिया ओकॉनर हिच्या नेतृत्वाखालीं संप पुकारला व सहा दिवसांत वेतनवाढ पदरांत पाडून घेतली. वेतन वाढलें, गिऱ्हाइकाच्या तोंडाबद्दल काय ठरलें असेल तर तें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आपल्याकडे मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें २८ जानेवारी १८८२ रोजीं एक्स्चेंजें सुरू झालीं. म्हणजे न्यू हेवननंतर बरोबर चार वर्षांनीं, त्याच तारखेला. मोठ्या शहरांतल्या स्विचबोर्डांवर पुढें ज्या मुली बसल्या त्यांत अँग्लो-इंडियन मुलींचा भरणा मोठा होता. मराठी घरांतल्या मुली तेथें दिसूं लागल्या त्या बऱ्याच मागाहून. १९६० मध्यें लखनौ व कानपूर यांच्यामध्यें थेट नंबर फिरविण्याची सोय झाली खरी, तरी त्यानंतर कितीतरी वर्षें परगांवीं बोलावयाचें म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌ तास वाट पाहणें आलेंच. आमचे वडील स्वभावानें अत्यंत सौम्य. घरीं आलेल्या परक्या बाईसमोर ते मान वर करून बोलत नसत. पण ट्रंक कॉल लागेनासा झाला कीं ते त्या न दिसणाऱ्या बाईला ज्या स्वरांत बोलत तो स्वर आम्हीं घरांत दुसऱ्या कोणासाठीं ऐकला नाहीं. तो स्वर ऐकून आम्ही मुलें हंसत असूं. आमच्या कानाचें शिक्षण तेथें झालें.

इंग्लंडमध्यें स्टेफनी शर्ली नांवाच्या बाईंनीं १९६२ मध्यें संगणकाचे प्रोग्राम लिहून देण्याचा धंदा काढला. लहानपणीं, १९३९ मध्यें, त्या निर्वासित म्हणून त्या देशांत आल्या होत्या. घरीं मुलेंबाळें सांभाळून काम करूं इच्छिणाऱ्या स्त्रियांना त्यांनीं हाताशीं धरलें. धंदा मिळावा म्हणून त्यांनीं कंपन्यांना पत्रें लिहिलीं, उत्तरें येईनात. तेव्हां यजमानांच्या सूचनेवरून त्यांनीं खालीं सही करतांना "स्टीव्ह" असें पुरुषी नांव लिहिण्यास सुरुवात केली, आणि उत्तरें येऊं लागलीं. कॉंकॉर्ड विमानाच्या उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम पुढें याच स्त्रियांनीं लिहिला. पत्रावर आवाज नसतो. नुसतें नांवच पुरतें, हें यावरून दिसतें. पन्नासांवर वर्षें लोटल्यावरही त्यांत फारसा पालट झाला नव्हता. फिलाडेल्फिया येथील एका लहानशा कंपनींत एक पुरुष व एक स्त्री गिऱ्हाइकांच्या पत्रांना ई-मेलनें उत्तरें देत. एकदा त्या पुरुषाकडून चुकून त्या स्त्रीच्या नांवानें पत्रें गेलीं, आणि गिऱ्हाईक प्रत्येक गोष्टींत हुज्जत घालूं लागलें. स्वतःच्या नांवानें तेंच उत्तर त्यानें पाठविलें तेव्हां गिऱ्हाईक आभार मानूं लागलें. मग दोघांनीं दोन आठवडे नांवांची अदलाबदल करून पाहिली. त्याचे ते दिवस नरकासारखे गेले. तिचें काम मात्र भराभर उरकलें. २०१७ मध्यें ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हां जगभर तिची चर्चा झाली. ती इतके दिवस अधिक वेळ कां घेते, असें तिचा वरिष्ठ विचारीत असे. याचें उत्तर त्या दोन आठवड्यांत मिळालें.

विसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशांतील गिऱ्हाइकांचे फोन मुंबई, पुणें, बंगळूर, गुरगांव येथें येऊं लागले, आणि एमा नटची खुर्ची सात समुद्र ओलांडून आपल्या घरीं आली. १९४८ च्या मुंबई दुकानें व संस्था अधिनियमानें स्त्रियांना रात्रीं उशिरापर्यंत कामावर ठेवण्यास मनाई केली होती. कॉल सेंटरांकरितां त्यांतून सवलती काढाव्या लागल्या, आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या अधिनियमानें स्त्रीची संमति व तिच्या संरक्षणाची सोय या अटींवर रात्रपाळी मोकळी केली. वाहनाची सोय, दाराशीं पहारेकरी, इत्यादि सर्व विचार झाला. हे पहारे मुलीला रस्त्यावरच्या माणसापासून वांचवितात. कानांत बोलणाऱ्या माणसापासून कसे वांचविणार? कित्येकींना परकीं नांवें धारण करावयास लावलीं, परका उच्चार शिकविला. त्यामुळें गिऱ्हाइकाच्या अपमानाला दोन तोंडें फुटलीं. एक देशावरून व दुसरें स्त्रीपणावरून. त्यांत काम आतां नुसतें जोडून देण्याचें राहिलें नव्हतें. संगणकाचें दुखणें ओळखून त्यावर इलाज सांगावयाचा होता. खुर्चींत जाणती स्त्री बसली, पण पलीकडचा कान जुनाच होता.

कायद्यानें या गिऱ्हाइकाकडे फार उशिरां पाहिलें, आणि पाहून कधीं कधीं नजर फिरविली. इंग्लंडच्या २०१० च्या समता कायद्यांत अशी तरतूद होती कीं बाहेरच्या माणसानें नोकराला त्रास दिल्याचे दोन प्रसंग ठाऊक असूनही मालकानें कांहीं केलें नाहीं, तर तिसऱ्या प्रसंगाला मालक जबाबदार. म्हणजे पहिले दोन फुकट! तरीही ती मालकांस जड वाटली असावी; २०१३ मध्यें ती रद्द झाली. त्याच साली आपल्याकडे कामाच्या जागीं स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध जो कायदा झाला त्याच्या १९ व्या कलमांत मात्र, कामाच्या जागीं संपर्कांत येणाऱ्या माणसांपासूनही स्त्रीला सुरक्षित ठेवणें हें मालकाचें कर्तव्य म्हणून सांगितलें आहे. कलम चांगलें आहे. तें किती मालकांनीं वाचलें असेल तो भाग वेगळा. टोकियो शहरानें १ एप्रिल २०२५ पासून गिऱ्हाइकांच्या छळाविरुद्ध स्वतंत्र नियम अमलांत आणला आहे. त्यांत दंड नाहीं, पण गिऱ्हाईक हा देव नव्हे एवढें तरी एका नगरीनें छापून ठेविलें.

दरम्यान यंत्रालाच स्त्रीचा आवाज देण्यांत आला. लंडनच्या टपालखात्यानें १९३६ मध्यें टेलिफोनवर वेळ सांगणारें घड्याळ सुरू केलें तेव्हां त्यासाठीं आपल्या ऑपरेटर मुलींतूनच एथेल केन हिचा आवाज निवडला होता. तें यंत्र बिचारें वेळ सांगून गप्प बसे. २०११ मध्यें आलेली "सिरी" उत्तरेंही देऊं लागली. तिला कोणी अश्लील शिवी घातली तर लाजता येत असतें तर लाजलें असतें, अशा अर्थाचें लाडिक उत्तर ती देई. त्या उत्तरावरूनच युनेस्कोनें २०१९ मध्यें या विषयावरच्या आपल्या अहवालाला नांव दिलें. १८७८ मध्यें मुलीला यंत्रांत बसविलें होतें; आतां मुलीवांचून नुसता तिचा सोशिकपणा यंत्रांत बसविला गेला.

आमची भाची पुण्यास एका कंपनींत संगणकांच्या तांत्रिक साहाय्याचें काम करते. मोठमोठ्या कारखान्यांचीं यंत्रें अडलीं कीं फोन तिच्याकडे येतात. दिवाळींत ती घरीं आली असतां आम्हीं विषय काढला. ती म्हणाली, "मामा, रोज एखादा तरी म्हणतोच, बेटा, कोणा इंजिनियरला दे."

"मग तूं काय करतेस?"

"आधी सांगते, मीच इंजिनियर. नाहीच ऐकलं तर शेजारी एक मुलगा बसतो, सहा महिन्यांपूर्वी लागलाय, माझ्याच हाताखाली शिकतोय. फोन त्याच्याकडे देते. मी कागदावर लिहिते, तो वाचून दाखवतो. गिऱ्हाईक म्हणतं, बघा, हे आधीच सांगायला हवं होतं!"

"राग येत नाहीं?"

"येतो ना. पण प्रत्येक कॉलची मिनिटं मोजतात हो मामा. मी त्याच्याशी वाद घालत बसले तर आकडा माझा बिघडतो, त्याचा नाही."

असें म्हणून ती फराळाच्या ताटाकडे वळली. पिवळ्या वायरीची हकीकत आम्हीं तिला अद्याप सांगितलेली नाहीं.